माळ्यावरची कुऱ्हाड

(किनारपट्टीवरील कार्यकर्त्यांच्या एका अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वादळ आणि किनाऱ्यावरचा माणूस या विषयावर मी बोलावे असे मला सांगण्यात आले, तेव्हा २०२० च्या निसर्ग वादळापासून मी सुरुवात करीन अशी आपली अपेक्षा असणार. आपल्यापैकी अनेकांच्या घरांची कौले त्या वादळाने नेली आहेत. त्याच्याकडे मी शेवटी येणारच आहे. परंतु प्रारंभ मी एका दूरच्या शहरापासून करणार आहे. आपल्या दारातील गोष्ट आपण इतक्या जवळून पाहिलेली असते की तिच्यामागची कारणे नजरेतून निसटतात; तीच गोष्ट परक्या मुलखात पाहिली म्हणजे कारणे स्पष्ट दिसू लागतात.

अमेरिकेच्या दक्षिणेस, मिसिसिपी नदी समुद्राला मिळते त्या प्रदेशात न्यू ऑर्लिन्स हे शहर आहे. त्याचा बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली असून बांधांच्या आधाराने तो कोरडा ठेवलेला आहे. सप्टेंबर १९६५ मध्ये बेट्सी नावाचे वादळ या शहरावर आले. अटलांटिकमधील अशा चक्रीवादळांना तिकडे हरिकेन म्हणतात. बांध फुटले आणि कृष्णवर्णीय श्रमिकांची वस्ती असलेल्या लोअर नाइन्थ वॉर्डमध्ये रात्री पाणी शिरले. पाणी चढू लागले तशी माणसे घराच्या माळ्यावर गेली. पाणी माळ्यापर्यंत आले, आणि वर छप्पर बंद होते. काही जण तेथेच बुडाले. त्यानंतर त्या वस्तीतील जुनी माणसे माळ्यावर एक कुऱ्हाड ठेवू लागली. वेळ आलीच तर आतून छप्पर फोडून बाहेर पडता यावे, एवढाच तिचा उपयोग. वादळाचा इशारा आला की पिण्याचे पाणी भरून ठेवायचे, मेणबत्त्या आणायच्या, आणि कुऱ्हाड जागेवर आहे ना हे पाहून घ्यायचे.

मला आज जे सांगायचे आहे ते या कुऱ्हाडीत आहे. आपल्याला वाचविण्यासाठी कोणी येणार नाही असे ज्याने अनुभवाने जाणले आहे, त्या माणसाची ही पूर्वतयारी होय. तिला अज्ञान म्हणता येणार नाही.

वादळापूर्वीचे दिवस तिकडे कसे जातात ते पाहा. तीन-चार दिवस आधी वादळाचा संभाव्य मार्ग जाहीर होतो. घरोघर खिडक्यांवर प्लायवूडचे तक्ते ठोकले जातात. डबाबंद अन्न, विजेरीचे सेल, औषधे यांची खरेदी होते. न्हाणीघरातील टब पाण्याने भरून ठेवतात. पेट्रोलपंपावर रांगा लागतात. ज्याच्याजवळ मोटार आहे, दूरच्या गावी नातेवाईक आहेत किंवा हॉटेलचे भाडे देण्याची ऐपत आहे, तो कुटुंबासह निघून जातो. उरलेले राहतात. आणि राहिलेल्यांबद्दल गेलेल्यांचे मत ठरलेले असते : सांगून ऐकत नाहीत, हट्टी आहेत, धोक्याची जाणीव नाही. हे मत केवळ तिकडचेच आहे असे नाही. आपल्याकडील तहसील कचेरीतही ते ऐकावयास मिळते.

हे मत खरे आहे काय, याची परीक्षा २००५ साली झाली. त्या वर्षी २९ ऑगस्टला कॅटरिना हे वादळ लुइझियानाच्या किनाऱ्यावर आदळले. शहर सक्तीने रिकामे करण्याचा आदेश महापौरांनी २८ ऑगस्टला सकाळी दिला, म्हणजे हाती एक दिवसही उरला नव्हता. शहरातील सुमारे चतुर्थांश कुटुंबांकडे मोटार नव्हती. अशा माणसांची संख्या एक लाखाच्या घरात होती. आदेश सर्वांना होता, वाहन मात्र ज्याचे त्याने पाहायचे होते. शाळेच्या शेकडो बसगाड्या आवारात उभ्या राहिल्या आणि तेथेच बुडाल्या. त्या बुडालेल्या पिवळ्या बसगाड्यांच्या रांगांचे छायाचित्र तेव्हा जगभर छापले गेले. ज्या नियोजनाला सामान्य माणसाची आठवण होत नाही, त्याचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही.

मोटार नसणे हे एकच कारण नव्हते. वादळ महिनाअखेरीस आले. पगार आणि सरकारी साहाय्य महिन्याच्या आरंभी मिळते. २८ तारखेला गरिबाच्या खिशात प्रवासापुरते पैसे कोठून असणार? घरात अंथरुणावर खिळलेली आई असेल, तर तिला कोणत्या गाडीत घालून, कोणाच्या दारी न्यावयाचे? लुइझियानात मरण पावलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक पंचाहत्तरी ओलांडलेले होते. एका वृद्धाश्रमातच ३५ जण बुडाले. ज्याने कुत्रे पाळले आहे त्याला निवाऱ्यात कुत्र्यासह घेत नव्हते; म्हणून कित्येक जण घर सोडून गेले नाहीत. पुढे २००६ साली अमेरिकेला त्यासाठी कायदा करावा लागला. आणि २००४ साली इव्हान वादळाच्या वेळी असंख्य लोक शहर सोडून निघाले, रस्त्यावर तासन् तास अडकले, आणि वादळ दुसरीकडे वळले. ज्याने एकदा कर्ज काढून पळ काढला आणि परत येऊन घर सुखरूप पाहिले, तो दुसऱ्या वेळी दहादा विचार करतो. त्याचा हिशेब चुकीचा ठरू शकतो, पण तो हिशेब असतो, वेडेपणा नसतो.

आणखी एक कारण विश्वासाचे होते आणि त्याची मुळे जुनी होती. १९२७ च्या महापुरात न्यू ऑर्लिन्सच्या पेढीवाल्यांच्या आग्रहावरून शहर वाचविण्यासाठी कारनार्व्हन येथील बांध सुरुंगाने उडविण्यात आला. खालच्या अंगाला राहणाऱ्या हजारो गरीब लोकांची घरेदारे पाण्याखाली गेली. नदीच्या वरच्या अंगाचे बांध आपोआप फुटल्याने हा सुरुंग अनावश्यक होता असे नंतर दिसून आले. कबूल केलेली भरपाई बहुतेकांच्या हाती पडली नाही. पुढे १९६५ साली आणि २००५ सालीही बांध मुद्दाम फोडला अशी कुजबूज गरीब वस्तीत झाली. २००५ साली तसे घडले नव्हते. शासनाच्या अभियंत्यांनी बांधलेल्या कालव्याच्या भिंती सदोष रचनेमुळे कोसळल्या, असे चौकशीत निष्पन्न झाले. परंतु अफवा हवेतून जन्मत नाही. एके काळी खरोखर घडलेल्या अन्यायाचे ते उशिरा उमटलेले पडसाद असतात.

शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. वीस हजारांहून अधिक माणसे सुपरडोम या क्रीडागृहात अपुऱ्या अन्नपाण्यावर, घाणीत दिवस काढत होती. वृत्तपत्रांतून मात्र लुटालूट, गोळीबार, बलात्कार यांच्या बातम्या येत राहिल्या. त्यांतील पुष्कळ बातम्या निराधार होत्या, हे काही आठवड्यांनी वृत्तपत्रांनाच मान्य करावे लागले. पण त्या बातम्यांनी तोवर आपले काम केले होते. शहरातून पायी निघालेल्या लोकांना नदीवरच्या पुलावर शेजारच्या गावच्या पोलिसांनी बंदुका दाखवून परत फिरविले. त्याच वेळी शेजारीपाजारी आपल्या होड्या घेऊन छपरांवरची माणसे उतरवून घेत होते. संकट आले की सामान्य माणूस सैरावैरा धावतो, लुटारू होतो, हा समज आपत्तींचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञांनी अनेक दशकांपूर्वीच खोटा ठरविला आहे. बहुतेक माणसे प्रथम आपल्या माणसांना शोधतात, मग शेजाऱ्याला हात देतात. घबराट झालीच तर ती अधिकाराच्या जागी बसलेल्यांची होते, कारण आपण ज्यांना वाऱ्यावर सोडले त्यांचे भय त्यांना वाटू लागते.

मोटारी सर्वांना असत्या तर प्रश्न सुटला असता काय? कॅटरिनानंतर चारच आठवड्यांनी टेक्सासकडे रिटा वादळ आले. कॅटरिनाची दृश्ये ताजी असल्यामुळे ह्यूस्टन परिसरातून लाखो लोक एकाच वेळी आपापल्या मोटारींतून निघाले. रस्ते शंभर-शंभर मैल तुंबले, पेट्रोल संपले, उन्हाने माणसे दगावली. वृद्धाश्रमातील रुग्णांना नेणाऱ्या एका बसला आग लागून २३ जण मृत्यू पावले. त्या वादळाने प्रत्यक्ष जितके बळी घेतले त्याहून कितीतरी अधिक बळी पळापळीने घेतले. प्रत्येकाने आपापला जीव वाचवावा या तत्त्वावर एक माणूस वाचू शकतो. शहर वाचू शकत नाही.

आता त्याच समुद्रातील क्युबाकडे पाहू. १९६३ च्या ऑक्टोबरात फ्लोरा वादळाने तेथे हजारांहून अधिक माणसे मारली. त्या अनुभवातून क्युबाने नागरी संरक्षणाची जी व्यवस्था उभी केली तिचे सूत्र साधे आहे. दरवर्षी वादळांचा ऋतू सुरू होण्यापूर्वी देशभर दोन दिवसांची तालीम होते. कोणत्या घरात गरोदर बाई आहे, कोणाला चालता येत नाही, कोणाचे छप्पर कच्चे आहे, हे वस्तीच्या समितीला आणि वस्तीच्या डॉक्टरला नावानिशी माहीत असते. इशाऱ्याचे टप्पे ठरलेले असतात आणि प्रत्येक टप्प्याला कोणी काय करायचे हेही ठरलेले असते. बस सरकारची असते. स्थलांतर करणारे बहुतेक लोक छावणीत न जाता जवळच्या पक्क्या घरात, नातलगांकडे वा शेजाऱ्यांकडे जातात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दूरचित्रवाणी संच, शीतकपाट अशा वस्तूही सुरक्षित जागी हलविण्याची सोय केली जाते. गरीब माणसाने वीस वर्षांत जमविलेला संसार त्या दोन-चार वस्तूंत असतो. तो राखला जाईल अशी खात्री झाली की तो दार ओढून बाहेर पडतो. २००४ साली इव्हान वादळाच्या वेळी क्युबात सुमारे १९ लाख लोक हलविण्यात आले आणि एकही मनुष्य दगावला नाही. प्रत्येक वेळी असे घडले नाही. २००५ च्या जुलैत डेनिस वादळाने तेथे १६ बळी घेतले. तरीही एका गरीब, आर्थिक नाकेबंदीत सापडलेल्या देशाने हे करून दाखविले, ही गोष्ट लहान नाही.

येथे आपल्यातील काही मित्र आक्षेप घेतील, आणि तो घेतलाच पाहिजे. क्युबात एकपक्षीय राजवट आहे. ज्या वस्ती-समित्या म्हाताऱ्यांची यादी ठेवतात त्याच शेजाऱ्यांच्या मतांवरही नजर ठेवतात. आपण लोकशाही समाजवादी आहोत. पाळत ठेवणाऱ्या शासनाने वादळातून वाचविले म्हणून ती पाळत आपल्याला पवित्र होत नाही. शिवाय तेथील घरे जुनी, मोडकळीस आलेली आहेत आणि वादळानंतरची पुनर्बांधणी वर्षानुवर्षे रेंगाळते. २०२४ च्या ऑक्टोबरात देशभराची वीज गेलेली असतानाच ऑस्कर वादळ पूर्व क्युबावर आले आणि माणसे दगावली. तेव्हा क्युबाची पूजा बांधण्याचे कारण नाही. पण प्रश्न असा आहे की, तेथे माणसे वाचतात ती हुकमामुळे की संघटनेमुळे? हुकूम तर न्यू ऑर्लिन्सच्या महापौरांनीही दिला होता.

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच देशाने दिले आहे. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे मरण पावली. त्यानंतर तेथे आपत्ती व्यवस्थापनासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारण्यात आली, किनाऱ्यावर पक्के निवारे बांधले गेले, गावोगाव स्वयंसेवक आणि महिला बचत गट तयार झाले. २०१३ च्या फायलिन वादळापूर्वी सुमारे दहा लाख, तर २०१९ च्या फानी वादळापूर्वी सुमारे बारा लाख लोक हलविण्यात आले. दोन्ही वेळा बळींची संख्या शंभराच्या आत राहिली. बांगलादेशातही १९७० च्या भोला वादळाने किमान तीन लाख माणसे गिळल्यानंतर स्वयंसेवकांची जी संघटना उभी राहिली, तिने हे काम अनेक दशके केले आहे. ओडिशातील सरकार निवडणुकीने येणारे आहे. तेव्हा हे काम हुकूमशाहीवाचूनही होते. त्याला लागते ती सार्वजनिक गुंतवणूक, वर्षभर चालणारी संघटना, आणि निवाऱ्यात गेल्यावर आपल्याला शिजलेले अन्न मिळेल, अपमान होणार नाही, हा लोकांचा अनुभव. न्यू ऑर्लिन्स शहरही शिकले. २००८ साली गुस्ताव वादळ आले तेव्हा मोटार नसलेल्या हजारो लोकांना शहराने स्वतः बस व आगगाडीने बाहेर नेले. २००५ साली जे अशक्य म्हणून सांगितले गेले ते तीन वर्षांत शक्य झाले.

आता आपल्या किनाऱ्याकडे येतो.

पावसाळ्याची आगोटीची बेगमी आपल्याला शिकवावी लागत नाही. लाकूडफाटा, तांदूळ, सुकी मासळी भरून ठेवणे, छपराची डागडुजी करणे, होड्या ओढून घेणे हे पिढ्यान् पिढ्यांचे ज्ञान आहे. पण ही तयारी पावसाची आहे. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने निसर्ग वादळ शिरले तेव्हा पत्र्यावर ठेवलेले दगड पत्र्यासह उडाले. टाळेबंदीने आधीच रोजगार बुडालेला, मुंबईहून परतलेली माणसे घरात, आणि साथीच्या भयाने शेजाऱ्याच्या घरी जाण्याचाही संकोच. तरीही इशारा वेळेवर मिळाला, हजारो लोक हलविले गेले आणि जीवितहानी थोडी झाली, हे मान्य केले पाहिजे. पण नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. भरपाई मात्र प्रथम हेक्टरच्या हिशेबाने ठरली, जेथे वाडी असते काही गुंठ्यांची आणि सातबाऱ्यावर नावे असतात दहा हिस्सेदारांची. वीज कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे आली नाही. जो माणूस या अनुभवातून गेला आहे, त्याला पुढच्या इशाऱ्याच्या वेळी घर सोडताना काय वाटेल? गेल्यावर मागे उरलेल्याची जबाबदारी कोणी घेत नाही, असेच वाटेल. न्यू ऑर्लिन्समध्येही हेच झाले. तेथे घरबांधणीचे अनुदान घराच्या बाजारभावावर बेतले गेले, आणि काळ्या वस्तीतील घरांचे भाव मुळातच कमी असल्याने त्यांना कमी पैसा मिळाला. २००० साली ४ लाख ८५ हजार असलेली लोकसंख्या २०१० साली ३ लाख ४४ हजारांवर आली. गेलेले अनेक जण परतलेच नाहीत.

आणि तौक्ते. १७ मे २०२१ रोजी मुंबईजवळच्या समुद्रातील तेलक्षेत्रात पी-३०५ ही बार्ज बुडाली. तीवर अडीचशेहून अधिक कामगार होते. त्यांतील सत्तरांहून अधिक जण परत आले नाहीत. वादळाचा इशारा काही दिवस आधी दिला गेला होता. तो त्या कामगारांनी ऐकला असेलही. पण बार्ज बंदरात न्यायची की जागेवर ठेवायची हे ठरविण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. कंत्राटी कामगाराला समुद्राच्या मध्यभागी राजीनामा देता येत नाही. वादळाच्या वेळी कोण राहतो आणि कोण जातो, हा प्रश्न अखेर मालकी आणि सत्तेचा कसा असतो, हे समजण्यास यापुढे न्यू ऑर्लिन्सपर्यंत जाण्याची गरज नाही.

समुद्र तापतो आहे आणि अरबी समुद्रातील वादळांचा जोर वाढतो आहे, असे हवामानशास्त्रज्ञ सांगत आहेत. पूर्वसूचना दिवसेंदिवस अचूक होत जाईल यात शंका नाही. पण नुसत्या सूचनेने माणूस वाचत नाही. सूचना पाळण्याचे सामर्थ्य त्याला असावे लागते, आणि ते सामर्थ्य आज उत्पन्नाप्रमाणे वाटले गेले आहे. ते समान वाटणे, हे समाजवादी चळवळीचे काम आहे.

म्हणून मी चार मागण्या आपल्यापुढे ठेवतो. इशारा मिळाल्यावर काम थांबविण्याचा आणि सुरक्षित जागी जाण्याचा हक्क प्रत्येक कामगाराला, खलाशाला कायद्याने मिळाला पाहिजे आणि त्या दिवसांची मजुरी बुडता कामा नये. किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावाला पक्का निवारा आणि त्यालगत होड्यांची यंत्रे, जाळी, गुरे सुरक्षित ठेवण्याची जागा मिळाली पाहिजे. भरपाईचे नियम वादळापूर्वी जाहीर झाले पाहिजेत. ते झाडाच्या व घराच्या हिशेबाने असावेत आणि जमीन कसणाऱ्या कुळाला व मजुरालाही लागू असावेत. आणि या सर्वांवर ग्रामसभेची देखरेख असावी, म्हणजे वस्तीची माहिती वस्तीच्या हाती राहील.

या मागण्यांसाठी मोर्चे काढावे लागतील, निवेदने द्यावी लागतील. त्याला वेळ लागेल. एक काम मात्र कोणाच्या परवानगीवाचून करता येण्याजोगे आहे. आपापल्या गावी जा आणि यादी करा. एकटे कोण राहते, अंथरुणावर कोण आहे, बाळंतपणाचे दिवस कोणाचे जवळ आले आहेत, कोणाचे घर खाडीच्या काठी आहे, ते लिहा. प्रत्येक नावापुढे त्याला आणावयास कोण जाईल त्याचे नाव लिहा, आणि ते ग्रामसभेत वाचून दाखवा. न्यू ऑर्लिन्सच्या त्या म्हाताऱ्यांना कुऱ्हाड ठेवावी लागली, कारण त्यांच्या नावापुढे असे दुसरे नाव कोणी लिहिले नव्हते. पुढच्या पावसाळ्यापूर्वी ही यादी आपल्या प्रत्येक गावात तयार असावी, एवढी विनंती करून मी थांबतो.